हेलनच्या सुकेळ्यांची खूण

भुईगावातल्या हेलनकडे काही मागायला रिकाम्या हातानं गेलेलं चालतं, पण खुणेशिवाय गेलेलं चालत नाही. शिडी हवी असो, नाहीतर सणाच्या जेवणासाठी तिचं मोठं पातेलं. "रॉबर्टने पाठवलंय" असं नवऱ्याचं नाव घेतलं, तरी बाई हलत नाही. दारात उभी राहते, कमरेवर हात ठेवते आणि विचारते, "बरं. खूण काय दिलीय त्याने?"

ही रीत काही तिने काढलेली नाही. पूर्वी वाडीत कोणाच्या हाती घरून डबा, कपडा, दागिना मागवायचा झाला, तर जाणाऱ्याजवळ एक खूण द्यायची. खूण म्हणजे त्या दोघांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट. सकाळी मांजराने दूध सांडलं, काल हरवलेली सुई उशीत सापडली, असलंच काहीतरी. ती सांगितली की घरच्या माणसाला कळायचं, निरोप खरा आहे. फोन आले आणि लोकांनी हे सगळं सोडून दिलं. हेलनने नाही सोडलं.

त्यापायी तिच्या नवऱ्याने, रॉबर्टने, काय काय सोसलं ते त्यालाच विचारावं. एकदा शेजारच्या गावात लग्नाला गेला होता. हेलनचा पाय मुरगळलेला, म्हणून ती घरी. जेवताना त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर रस्सा सांडला. फोन घरीच राहिलेला. त्याने व्हिव्हियन नावाच्या ओळखीच्या माणसाला स्कूटरवरून दुसरा शर्ट आणायला पिटाळलं. व्हिव्हियन खूण न घेता गेला आणि तसाच परत आला. इकडे रॉबर्ट यजमानांच्या स्वयंपाकघरात बनियनवर बसलेला, बायका कांदे चिरता चिरता त्याच्याकडे बघून हसताहेत. शेवटी तो म्हणाला, "जा बाबा, सांग तिला, आज सकाळच्या चहात साखरेच्या जागी मीठ पडलं होतं." शर्ट लगेच मिळाला. पण व्हिव्हियन ती खूण विसरू नये म्हणून वाटेभर मोठ्यांदा म्हणत गेला होता. त्या दिवसापासून भुईगावात हेलनच्या हातचा चहा पिण्याआधी माणूस जरा जिभेवर घेऊन बघतो.

अशी ही हेलन. साठी कधीच ओलांडली, पण पावलं अजून झपझप पडतात. तिचं खरं नाव आहे ते सुकेळ्यांसाठी. राजेळी केळी पिकली की सोलायची, बांबूच्या माचावर चटई अंथरून उन्हात घालायची, वर पातळ फडकं. संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून आत घ्यायची आणि सकाळी पुन्हा उन्हाला द्यायची. मधाच्या रंगावर आली की ती झाली. हे काम आता वसईत थोड्याच घरांत उरलंय. भट्टीत वाळवली तर पटकन होतात, पण हेलनसमोर भट्टीचं नाव काढायचं नाही. का, ते पुढे येईलच.

तिची सून ब्रिटनी माणिकपूरला एका कार्यालयात कामाला आहे. डोक्याने तल्लख, जिभेने त्याहून. गावातल्या बायकांच्या गटाने 'वाडीचा मेवा' नावाचं फोनवरचं दुकान काढलं तेव्हा तिने सासूची सुकेळीही त्यावर चढवली. पहिल्या वर्षी माणसं विकत घेत होती. मग हळूहळू माणसं कमी झाली आणि एजंट यायला लागले.

"एजंट?" हेलन दचकलीच. वसईत एजंट म्हटलं की डोळ्यांसमोर जमिनीवर टपलेला, सोन्याची साखळी घातलेला माणूस उभा राहतो. "आपल्याला नाही विकायची वाडी, सांग त्याला."

"मम्मी, वाडी नाही, सुकेळीच मागतोय तो. आणि माणूस नाहीये. फोनमधला मदतनीस आहे. लोक त्याला सांगतात, अमुक आणून दे. मग तो दुकानं धुंडाळतो, बघतो, निवडतो आणि घेतो. मालक आपला झोपलेला असला तरी चालतं."

"आणि त्याला मालकानेच पाठवलाय कशावरून?"

ब्रिटनी हसली. कधी ना कधी हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. "त्याच्याकडे डिजिटल ओळखपत्र असतं. मालक कोण, काय घ्यायची परवानगी दिलीय, किती, कधीपर्यंत, सगळं त्यात. त्याच्यावर मालकाची मोहोर. आपला फोन ती तपासतो. खरी असली तर हिरवी टिक, खोटी असली तर लाल."

हेलनने थोडा विचार केला. "म्हणजे खूण."

"हो, खूण. फक्त ही व्हिव्हियन अंकलना मोठ्याने म्हणता येत नाही."

तेव्हापासून हेलनला एजंटांचं वावडं उरलं नाही. उलट तिला ते आवडायलाच लागले. माणसं घासाघीस करतात, फुकट चव मागतात, "गेल्या वर्षीची जास्त गोड होती" म्हणतात. हे बिचारे खूण दाखवतात, माल घेतात, आभार मानतात आणि जातात. मध्ये एकदा ओळखपत्र नसलेल्या एजंटाची ऑर्डर घाईत गेली होती. कळंबच्या किनाऱ्यावरच्या एका कॉटेजच्या नावाने. प्रत्यक्षात त्या नावाची कॉटेजच नव्हती, आणि पेटी किनाऱ्यावर चार घरं फिरून दमट होऊन परत आली. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डर हेलन स्वतः तपासते. चष्मा लावते, चौथीपर्यंतच्या शाळेवर जमेल तसं अक्षर अक्षर वाचते, आणि टिक हिरवी दिसली की "ये बाबा" म्हणून बटण दाबते.

आता लतिकाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लतिका राऊत आणि हेलन एका गल्लीत वाढल्या. एकीच्या घरी गणपती, दुसरीच्या घरी नाताळचा गोठा, पण माच एकच. दोन्ही घरांची केळी त्यावरच वाळायची. पुढे लतिकाचा नवरा कृष्णा गेला आणि ती माणिकपूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तरी येणंजाणं होतंच. मग मुलाचं, हर्षवर्धनचं, लग्न निघालं. हेलनने परडीभर सुकेळी नेली. त्या वर्षी ढगाळ हवेने जरा काळपट झाली होती. लतिका पाहुण्यांच्या घोळक्यात होती. थट्टेच्या सुरात म्हणाली, "काय गं, यंदा भट्टीत घातलीस वाटतं?"

सगळे हसले. हेलन हसली नाही. पंगतीत ठेवलेली परडी तिने उचलली आणि सरळ घरी घेऊन आली.

बस. लतिकाच्या मनात बसलं, माझ्या मुलाच्या लग्नातून हिने भरलेली परडी उचलली. हेलनच्या मनात बसलं, हिने चारचौघांत मला भट्टीवाली केलं. आधी कोण बोलणार? दोघींनाही वाटे, तिने. वर्षं गेली. माणिकपूरच्या बाजारात समोरासमोर आल्या तर एक कोथिंबीर बघायची आणि दुसरी मेथी, दोघींनाही लागत नसताना.

तर त्या शनिवारी ब्रिटनीला सुट्टी होती. हेलन माचावर सुकेळी उलटत होती आणि फोन वाजला. ऑर्डर. एजंटाची. टिक हिरवी. हेलनने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि खाली बसली.

"ब्रिटनी! ए ब्रिटनी! इकडे ये, बघ हे काय लिहिलंय."

ब्रिटनीने वाचलं. "मालक, लतिका कृष्णा राऊत, माणिकपूर." मग तिचेही डोळे मोठे झाले. "अय्या! म्हणजे तुमच्या…"

"दुसरी कोणी असेल."

"पत्ताही तोच आहे. मोहोर त्यांचीच आहे. मम्मी, हिरवी आहे टिक!"

हेलनच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने पदराने पुसलं, घाम पुसल्यासारखं. म्हणजे लतिकाने मागितली. इतक्या वर्षांनी, सरळ नाही तर नाही, पण मागितली. ती लगबगीने उठली, माचावरची सगळ्यात चांगली सुकेळी कुठली ते बघायला लागली. तेवढ्यात ब्रिटनीने खालचं वाचलं आणि तिचा आवाज उतरला.

"मम्मी, परवानगी अशी आहे. 'वसईची सुकेळी, उन्हातच वाळवलेली, एक पेटी. दुकान मदतनीसाने निवडावे.'"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी सुकेळी मागितलीत. तुमची मागितलीत असं नाही. तुम्हाला त्या मशीनने शोधलंय."

हेलनच्या हातातलं सुकेळं परत चटईवर गेलं. झोपाळ्यावर बसलेला रॉबर्ट म्हणाला, "असू दे ना. खूण खरी आहे, माल पाठव. तूच म्हणतेस, खूण खरी तर निरोप खरा."

"निरोप खरा आहे हो. पण तो मला आहे का? पेटी उघडून तिने माझं नाव बघितलं की काय म्हणेल? बघा, दारी यायला जमलं नाही, विकायला बरं जमलं."

"किंवा म्हणेल, किती गोड आहेत," ब्रिटनी म्हणाली.

"तू नाही ओळखत तिला."

हेलनने फोन तोंडाजवळ धरला, बोललेलं लिहून घेणारं बटण दाबलं आणि एजंटालाच गाठलं. "काय रे बाबा, एवढी दुकानं सोडून माझ्याकडेच का आलास?"

फोनवर अक्षरं उमटली. ब्रिटनीने वाचून दाखवली. 'नमस्कार. सुकेळी उन्हातच वाळवलेली असावीत, अशी माझ्या मालकांची स्पष्ट अट आहे. सहा विक्रेत्यांत फक्त आपल्याकडे गटाचा तसा तपासलेला दाखला आहे. ग्राहकांनीही तेच लिहिले आहे.'

हेलन अशी हसली की माचावरचा कावळा उडाला. "ऐकलंत का हो? एवढ्या वर्षांत एक माणूस तोंडावर म्हणाला नाही की हेलनची सुकेळी उन्हातली आहेत. म्हटलं कोणी, तर ज्याला तोंड नाही त्याने!"

"मी रोज म्हणतो," रॉबर्ट म्हणाला.

"तुम्ही नवरा आहात. तुमची साक्ष कोण धरतं?" तिने पुन्हा फोन धरला. "बरं, मला सांग, तुझ्या बाईला ठाऊक आहे का मी कोण ते?"

'ते सांगण्याची परवानगी मला नाही. मला फक्त खरेदी करायला सांगितले आहे. आपल्याला शंका असल्यास मी मालकांची पुन्हा संमती मागू शकतो. त्यांना आपले नाव दिसेल. संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही तर ऑर्डर रद्द होईल.'

"शहाणं आहे पोर," हेलन पुटपुटली. "नको तिथे तोंड घालत नाही."

पण आता पंचाईत झाली. संमती मागावी, तर लतिका नाव बघून नाही म्हणेल, आणि ते नाही पुन्हा एकदा तोंडावर मारल्यासारखं होईल. न मागता पाठवावी, तर ते चोरपावलांनी घरात शिरल्यासारखं. ब्रिटनीने स्पष्ट सांगितलं, "नियमाने तुमची काही चूक नाही मम्मी. सगळं तपासलेलं आहे. बटण दाबा आणि मोकळ्या व्हा."

"नियमाने नसेल गं," हेलन म्हणाली. "पण मोकळं कुठे वाटतंय?"

तिने सगळी सुकेळी उलटून काढली. मग उलटलेली पुन्हा उलटली. शेवटी हात धुऊन ती आली आणि म्हणाली, "माग बाई संमती. कारण लिही, विक्रेती हेलन आहे, भुईगावची. चालेल का विचार."

ब्रिटनीने बटण दाबलं. मग तिघंही आपापल्या कामाला लागल्यासारखं करायला लागली. फोन ओट्यावर ठेवलेला. हेलन स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून स्वयंपाकघरात. भाताला पाणी जास्त झालं. फोन दोनदा वाजला. एकदा कोणी कर्ज घ्या म्हणत होतं, आणि एकदा चर्चमधली ग्लोरिया, रविवारच्या फुलांचं विचारायला. तिला हेलनने असं तोडून उत्तर दिलं की ग्लोरियाने नंतर ब्रिटनीला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

उन्हं माचावरून खाली आली. सुकेळी पानांत गुंडाळायची वेळ झाली, आणि फोन पुन्हा वाजला.

ब्रिटनीने वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा वाचलं. "मम्मी, हो पण नाही म्हटलेलं आणि नाही पण नाही. एजंट म्हणतोय, 'माझ्या मालकांनी संमतीपूर्वी विचारणा केली आहे. विक्रेत्या खरोखरच हेलन आहेत याची खूण काय?'"

"काय?"

"आपलं पण ओळखपत्र आहे, त्यावर पण हिरवी टिक आहे. एजंटाने तपासलेलं आहे. तरी त्या खूण मागताहेत."

रॉबर्ट झोपाळ्यावर पोट धरून हसायला लागला. "मिळाली! मिळाली तुला तुझ्या जोडीची! आता कळेल व्हिव्हियनला काय वाटलं होतं ते!"

हेलनचा चेहरा मात्र उजळला होता. खूण मागितली म्हणजे दार लावलेलं नाही. दारात उभी राहून, कमरेवर हात ठेवून विचारतेय. आणि कोणाला विचारतेय? परक्याला कोणी खूण विचारत नाही, त्याला नुसतं हाकलतात.

आता खूण कुठली द्यायची? परडीची नको. ती अख्ख्या लग्नाने बघितली होती. शाळेतलीही नको, ती वर्गाला ठाऊक. फक्त दोघींनाच ठाऊक असलेलं काहीतरी हवं. हेलन माचाशी उभी राहून पानं गुंडाळत राहिली, आणि गुंडाळता गुंडाळता एकदम थांबली.

लहान असताना दोघींना गल्लीतल्या माचाच्या राखणीला बसवत, कावळे हाकायला. एका दुपारी दोघींनी राखता राखता एवढी सुकेळी खाल्ली की चटईचा कोपराच्या कोपरा रिकामा झाला. मग उरलेली जरा विरळ मांडली, तरी हेलनच्या आईच्या लक्षात आलंच. तेव्हा दोघींनी एका सुरात कावळ्यांवर आळ घातला. आईने त्या कावळ्यांना संध्याकाळपर्यंत शिव्या दिल्या, आणि रात्री दोघींना जेवण गेलं नाही तेव्हा ऊन बाधलं म्हणून कोकमाचं सरबत पाजलं. हे गुपित पुढे ना नवऱ्यांना सांगितलं, ना पोरांना.

तिने फोन घेतला, घरच्यांना पाठ केली आणि हळूच बोलली. ब्रिटनीला ऐकू आलंच, पण अर्थ लागला नाही. मम्मी म्हणत होत्या, "सांग तिला, त्या कावळ्यांना वेण्या होत्या."

"हे काय मम्मी? कोण कावळे?"

"तुला कळली तर ती खूण कसली?"

या वेळी उत्तर यायला वेळ लागला नाही. संमती दिली होती. टिक हिरवी. आणि खाली मालकांचा निरोप होता, एजंटाने जसाच्या तसा ठेवलेला: 'एकीच्या वेणीला रिबीन नव्हती. ती घसरून माचाखाली पडलेली. पेटी लवकर पाठव.'

ती रिबीन हेलनची होती. ती कुठे हरवली म्हणून घरी आईचा मारही खाल्ला होता, वेगळा.

"उद्या कुरिअरवाला येईल तेव्हा देऊ," ब्रिटनी म्हणाली.

"उद्या कशाला? तो पेटी आपटतो," हेलन म्हणाली, आणि आत जाऊन साडी बदलायला लागली.

तिने पेटी भरली, वर केळीचं सुकं पान, त्यावर सुतळी, आणि रिक्षा करून एकटी माणिकपूरला गेली. लिफ्ट चालू होती तरी जिन्याने चढली, कारण लिफ्ट फार पटकन पोचते आणि तिला जरा वेळ हवा होता. बेल वाजवली. दार लतिकाच्या सुनेने, पिंकीने उघडलं. ती लग्नात नवरी होती, कपाळावर मुंडावळ्या. त्या गडबडीत कोणी परडी उचलली ते तिने कुठे बघितलं असणार?

"डिलिव्हरी का मावशी? थांबा, कोड विचारते. आई! कुरिअरवाल्या मावशी आल्यात, कोड काय आलाय तुमच्या फोनवर?"

आतून आवाज आला, "कशी दिसतेय कुरिअरवाली?"

पिंकी गोंधळली. "म्हणजे… छान आहे. केस पांढरे. धाप लागलीय त्यांना."

"मग कोड नको. आत घे."

लतिका गुडघे धरत बाहेर आली. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. बघायला ना कोथिंबीर होती, ना मेथी. हेलनने पेटी पुढे केली. लतिकाने सुतळी सोडली, एक सुकेळं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, तुकडा तोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली. एवढी सावकाश की पिंकीला वाटलं, आता परत करणार.

"ऊन लागलंय याला," लतिका म्हणाली.

"तुझा दाखला नको मला. तुझ्या मशीनने दिलाय."

"मुद्दामच घातली होती ती अट. उन्हातच वाळवलेली म्हणून. म्हटलं बघू, कुठे जातो ते."

हेलनने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"वसईत अजून उन्हात घालणाऱ्या किती उरल्यात गं? पण तुझं नाव घालायला हात होईना. म्हटलं, त्याचं त्याने शोधलं तर शोधलं." तिने दुसरं सुकेळं उचललं. "आणि तुझ्या नावावर दुसऱ्याच कोणी भट्टीवालीने दुकान मांडलं नाही ना, तेवढं मात्र बघायला हवं होतं. हल्ली टिकांवर काय भरवसा ठेवायचा?"

"हो ना," हेलन म्हणाली. "कोणावरच ठेवू नये."

मग पुढचं काय विचारता. पिंकीने चहा केला, तो थंड झाला, पुन्हा केला. परडीचा विषय निघाला आणि दोघींनी एकदमच बोलायला सुरुवात केली, म्हणून कोणाचंच कोणाला ऐकू गेलं नाही, आणि तेच बरं झालं. पेटीतला एक कोपरा रिकामा झाला. हर्षवर्धन घरी आला तेव्हा त्याला सांगितलं, वाटेत कावळे लागले.

दिवे लागल्यावर रॉबर्टचा फोन आला. हेलनच्या तोंडात सुकेळं होतं, म्हणून फोन लतिकाने घेतला. "रॉबर्ट, ती आज इथेच जेवतेय. हर्षवर्धन आणून सोडेल."

पलीकडून रॉबर्टचा आवाज आला, अगदी गंभीर.

"असं कसं? माझ्या बायकोचं घर आहे हे, इथे रीत आहे. तुम्ही लतिकाच बोलताय कशावरून? खूण काय?"

लतिकाने एका हाताने फोन झाकला, हेलनकडे बघितलं आणि हात काढून म्हणाली, "तुमच्याकडे चहा मागितला की आधी जिभेवर घेऊन बघावा लागतो."

"ही काय खूण झाली? ही अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

"मग गावात घ्या मला परत," लतिका म्हणाली, आणि फोन ठेवून जेवायला बसली.